महासाथ : एका शब्दाचा अर्थ आणि व्यवहार

दिनांक ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेचे महासंचालक टेड्रोस अधानोम घेब्रेयेसस यांनी जिनीव्हा येथे, कोविड-१९ या आजाराला आता 'पॅन्डेमिक' म्हणावे लागेल, असे जाहीर केले. त्यापूर्वी दोनच दिवस, ९ मार्चला, महाराष्ट्रातील पहिल्या रुग्णांची नोंद पुण्यात झाली होती. तोवर वैद्यकीय ग्रंथांपुरता मर्यादित असलेला हा शब्द अल्पावधीतच चावडीपासून शाळेपर्यंत सर्वत्र उच्चारला जाऊ लागला. मराठीत त्यासाठी कोठे 'महामारी', कोठे 'जागतिक साथ', तर कोठे 'महासाथ' असे पर्याय योजण्यात आले. शासकीय परिपत्रकांतून 'प्रादुर्भाव', 'संसर्ग' आणि 'साथरोग' हे शब्द येत राहिले, तर सर्वसामान्य बोलण्यात नुसता 'कोरोना' हाच शब्द रूढ झाला.

एकाच संकटाला इतकी नावे असण्यात वावगे काही नाही. तथापि, या शब्दांचे अर्थ एक नाहीत. गावात अतिसाराचे पाच रुग्ण आढळले असता त्यास 'महामारी' म्हटले तर भीती पसरते. आणि पन्नास रुग्ण असताना 'तुरळक प्रादुर्भाव' असे लिहिले तर मदत उशिरा पोहोचते. शब्दातील अशा चुकीची किंमत प्रसंगी माणसांच्या प्राणांनी मोजावी लागते. म्हणून ज्यांच्याकडे अहवाल लिहिण्याचे, ग्रामसभेत माहिती देण्याचे किंवा वर्गात शिकविण्याचे काम आहे, त्यांनी हे शब्द नीट पारखून घेणे अगत्याचे आहे.

शब्दाची घडण

'पॅन्डेमिक' हा शब्द मूळ ग्रीक भाषेतील आहे. 'पॅन' म्हणजे सर्व आणि 'डेमॉस' म्हणजे लोक. सर्व लोकांना व्यापणारा तो 'पॅन्डेमिक'. 'एन्डेमिक' आणि 'एपिडेमिक' हे शब्दही याच कुळातील होत. 'एन' म्हणजे आत, 'एपि' म्हणजे वर. लोकांमध्ये मुरून राहिलेला रोग तो 'एन्डेमिक', आणि लोकांवर अकस्मात येऊन कोसळणारा तो 'एपिडेमिक'.

मराठीत हा क्रम असा मांडता येईल. एखाद्या प्रदेशात जो रोग वर्षानुवर्षे कमी-अधिक प्रमाणात टिकून असतो, तो प्रदेशनिष्ठ किंवा स्थानिक रोग होय. पूर्व विदर्भातील हत्तीरोग किंवा गडचिरोलीच्या जंगलभागातील हिवताप ही त्याची उदाहरणे आहेत. एखाद्या गावात, वस्तीत किंवा वसतिगृहात थोड्या अवधीत नेहमीपेक्षा अधिक रुग्ण आढळले, तर त्यास उद्रेक म्हणतात. उद्रेक फैलावून तालुका, जिल्हा किंवा अधिक मोठ्या प्रदेशात पसरला, म्हणजे ती साथ. आणि साथ देशांच्या सीमा ओलांडून अनेक देशांत किंवा खंडांत पोहोचली व फार मोठ्या लोकसंख्येत पसरली, म्हणजे ती महासाथ.

या व्याख्यांत 'नेहमीपेक्षा अधिक' हे शब्द महत्त्वाचे आहेत. गावात दरवर्षी पावसाळ्यात तापाचे किती रुग्ण असतात, हे ठाऊक असल्यावाचून यंदाचे रुग्ण जास्त आहेत की नाहीत, हे सांगता येत नाही. ज्या गावाची जुनी नोंद चोख, त्यालाच नवी साथ वेळेवर ओळखता येते. पूर्वी देवीचा एकही रुग्ण नसलेल्या ठिकाणी मात्र एक रुग्ण आढळला, तरी तो उद्रेकच समजला जात असे.

मराठीतील जुनी शब्दसंपदा

साथीच्या रोगांचा विचार आपल्याकडे नवा नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात 'जनपदोद्ध्वंसनीय' नावाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. लोकांची प्रकृती, आहार आणि वय भिन्न असताना एकाच वेळी एकाच रोगाने जनपदेच्या जनपदे कशी उद्ध्वस्त होतात, असा प्रश्न त्यात विचारलेला आहे. वायू, उदक, देश आणि काल या सर्वांना समान असणाऱ्या गोष्टी बिघडल्या, म्हणजे असे घडते, हे त्याचे उत्तर. रोगजंतूंचे ज्ञान त्या काळी नव्हते. परंतु एका माणसाचा आजार आणि समाजाचा आजार यांत भेद आहे, ही जाण त्यात स्पष्ट दिसते.

'महामारी' हा शब्दही जुना आहे. 'मारी' म्हणजे मरण आणणारी; ही संज्ञा देवीमाहात्म्यातही आढळते. लोकव्यवहारात पटकीला 'मरी' म्हणत, आणि गावोगावच्या मरीआईच्या ठाण्यांशी त्या रोगाची आठवण निगडित आहे. मरीआईचा गाडा गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडण्याची प्रथा अनेक भागांत होती. रोग एका गावाहून दुसऱ्या गावास जातो, हे लोकांनी अनुभवाने ओळखले होते. तो दूषित पाण्यातून जातो, हे मात्र ज्ञात नव्हते. गाडा पुढील गावाच्या हद्दीत गेला, तरी पाणी दोन्ही गावांचे तेच राहिले.

'साथ' हा त्या मानाने साधा, रोजच्या वापरातील शब्द आहे. डोळ्यांची साथ, तापाची साथ, गोवराची साथ असे आपण सहज म्हणतो. 'साथ देणे' म्हणजे सोबत करणे, असा त्याचा दुसरा अर्थही प्रसिद्ध आहे. अनेकांना एकाच वेळी गाठणारा रोग, एवढेच 'साथ' हा शब्द सांगतो. त्यात मरणाची छाया नाही. 'महामारी' या शब्दात ती आहे. म्हणूनच 'पॅन्डेमिक'साठी 'महासाथ' हा पर्याय अधिक नेमका ठरतो. तो रोगाचा विस्तार सांगतो. रोग किती जीवघेणा आहे, याविषयी अगोदरच निकाल देत नाही.

विस्तार आणि तीव्रता

रोग किती दूर पसरला आणि तो किती घातक आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सर्वसाधारण वापरात त्यांची गल्लत होते.

पटकीचे उदाहरण घ्यावे. १८१७ साली बंगालमधून निघालेल्या पटकीच्या साथीला पहिली महासाथ मानतात. सध्याची सातवी महासाथ १९६१ मध्ये इंडोनेशियातील सुलावेसी बेटावर सुरू झाली आणि ती अद्याप संपलेली नाही. साठ वर्षांहून अधिक काळ एक महासाथ चालू आहे, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. जलसंजीवनी आणि शुद्ध पाणी यांमुळे तिची धार बोथट झाली, म्हणून तिचा गाजावाजा होत नाही. जेथे युद्ध, पूर किंवा दारिद्र्य यांमुळे पाण्याची व्यवस्था कोलमडते, तेथे मात्र ती आजही माणसे मारते.

याउलट उदाहरण १९९४ चे. त्या वर्षी ऑगस्ट महिन्यात बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले आणि सप्टेंबरमध्ये सुरत शहरात फुप्फुसाच्या प्लेगचा उद्रेक झाला. सुरतेहून लाखो लोक गाव सोडून गेले. अनेक देशांनी भारताशी असलेली विमानवाहतूक व व्यापार रोखला. देशभरातील मृत्यूंची संख्या मात्र शंभराच्या आत होती. तो उद्रेक गंभीर होता, परंतु ती महासाथ नव्हती. प्लेगच्या नावाने जी जुनी दहशत जागी झाली, तिने रोगापेक्षा अधिक वेगाने प्रवास केला.

२००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला. पक्ष्यांमधील या उद्रेकात तेथे एकाही माणसाला लागण झाल्याचे सिद्ध झाले नाही. तरीही कुक्कुटपालन करणाऱ्यांचा धंदा दूरदूरच्या जिल्ह्यांतही बसला. रोग कोणाला होतो आणि कोठवर पसरला आहे, हे लोकांना स्पष्ट शब्दांत सांगणे किती आवश्यक असते, हे या अनुभवावरून ध्यानात येते.

२००९ मध्ये हा प्रश्न जागतिक पातळीवर उपस्थित झाला. 'स्वाइन फ्लू' या नावाने परिचित झालेल्या नव्या इन्फ्लुएंझाला जागतिक आरोग्य संघटनेने ११ जून २००९ रोजी महासाथ घोषित केले. पुढे रोग बहुसंख्य लोकांत सौम्य असल्याचे दिसून आले, तेव्हा 'महासाथ' म्हणण्यास मोठ्या प्रमाणावर मृत्यू होणे आवश्यक आहे काय, यावर जगभर वाद झाला. प्रयोगशाळेत निश्चित झालेले मृत्यू सुमारे साडेअठरा हजार होते; नंतरच्या शास्त्रीय अंदाजाप्रमाणे प्रत्यक्ष आकडा दीड लाख ते पावणेसहा लाखांच्या दरम्यान असावा. अर्थात रोग 'सौम्य' होता की नाही, हेदेखील नोंद किती पूर्ण होती यावरच अवलंबून राहिले.

नोंदवहीतील रकाना

नोंदीचे हे महत्त्व १९१८ च्या इन्फ्लुएंझाने सर्वांत कठोरपणे दाखवून दिले. महाराष्ट्रातील जुन्या लोकांच्या बोलण्यात ही साथ 'मानमोडी' या नावाने राहिली. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, जून १९१८ मध्ये, ती मुंबई बंदरातून आत शिरली. पहिली लाट तुलनेने सौम्य होती. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील दुसरी लाट भयंकर ठरली. त्याच वर्षी पावसाने दगा दिल्याने धान्याची टंचाई होती. सर्वाधिक बळी तरुण, कर्त्या वयातील स्त्री-पुरुषांचे गेले.

भारतात या साथीत किती माणसे दगावली, याचे अंदाज एक कोटी वीस लाखांपासून दोन कोटींपर्यंत दिले जातात. अंदाजांत एवढे अंतर का, हे समजून घेण्यासारखे आहे. त्या काळी गावातील मृत्यूची नोंद ग्रामपातळीवरील कर्मचारी करीत. पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण असे ठरावीक रकाने होते. इन्फ्लुएंझाला रकाना नव्हता. परिणामी बहुसंख्य मृत्यू 'ताप' या सदरात गेले. अनेक ठिकाणी नोंद करणारे स्वतःच आजारी पडले किंवा मरण पावले आणि नोंद राहूनच गेली. १९२१ ची जनगणना झाली, तेव्हा १९११ च्या तुलनेत देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटल्याचे आढळले. लाखो कुटुंबांवर काय कोसळले, याचा हिशेब अखेर अशा वजाबाकीतून काढावा लागला.

महासाथीची घोषणा जिनीव्हात होते हे खरे. परंतु ती ज्या आकड्यांवर आधारलेली असते, ते आकडे गावातील वहीत, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या साप्ताहिक अहवालात आणि शाळेच्या हजेरीपटात प्रथम उमटतात. देवी रोगाचे निर्मूलन हे याचे उजळ उदाहरण होय. १९७० च्या दशकात घरोघर शोध घेण्यात आला, रुग्ण कळविणाऱ्यास बक्षीस जाहीर करण्यात आले, आणि प्रत्येक रुग्णाभोवतीच्या लोकांना लस टोचण्यात आली. भारतातील शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये आढळला. मे १९८० मध्ये जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. कळविणारा माणूस नसता, तर केवळ लशीने हे साधले नसते.

कायदा कोणता शब्द वापरतो

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. १८९४ मध्ये हाँगकाँगला पोहोचलेली ही प्लेगची तिसरी महासाथ होती. पुढील दशकांत तिने भारतात एक कोटीहून अधिक बळी घेतले. तिला तोंड देण्यासाठी फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग अधिनियम करण्यात आला. त्यात 'धोकादायक साथीचा रोग' असा शब्दप्रयोग आहे. 'महासाथ' हा शब्द नाही, आणि 'धोकादायक' कशास म्हणावे, याची व्याख्याही नाही. रोग धोकादायक आहे, अशी राज्य शासनाची खात्री झाली की पुरे.

या अधिकाराचा वापर कसा होतो, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. पुण्यात १८९७ मध्ये सैनिकांकरवी झालेल्या घरझडत्यांनी जनमत प्रक्षुब्ध झाले आणि प्लेग समितीचे अध्यक्ष रँड यांच्यावर त्याच वर्षी जूनमध्ये हल्ला होऊन पुढे त्यांचा मृत्यू झाला. त्याच प्लेगमध्ये, त्याच पुण्यात, रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. सक्तीने लोक रुग्ण लपवू लागतात. सेवेमुळे ते रुग्ण पुढे आणतात.

कोविडच्या वेळी महाराष्ट्र शासनाने १३ मार्च २०२० पासून हाच अधिनियम लागू केला. २०२० मध्येच केंद्राने त्यात दुरुस्ती करून आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांसाठी कडक शिक्षेची तरतूद केली.

आंतरराष्ट्रीय पातळीवरही 'पॅन्डेमिक' या शब्दाला दीर्घकाळ कायदेशीर स्थान नव्हते. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार 'आंतरराष्ट्रीय चिंतेची सार्वजनिक आरोग्य आणीबाणी' घोषित केली जाते. कोविडबाबत ती ३० जानेवारी २०२० रोजीच, म्हणजे गाजलेल्या घोषणेच्या एकेचाळीस दिवस आधी, जाहीर झाली होती. परंतु त्या लांबलचक नावाने जग फारसे हलले नाही. हलले ते एका शब्दाने. हा अनुभव लक्षात घेऊन जून २०२४ मध्ये या नियमांत 'महासाथ आणीबाणी' ही नवी, वरची पायरी घालण्यात आली. सप्टेंबर २०२५ पासून ती अमलात आली आहे. अनेक देशांत फैलाव, आरोग्ययंत्रणेच्या क्षमतेबाहेरचा भार आणि समाजजीवन व अर्थव्यवहार विस्कळीत होणे, या गोष्टींचा तिच्या व्याख्येत समावेश आहे. साध्या 'महासाथ' या शब्दात केवळ विस्तार आहे. या कायदेशीर संज्ञेत विस्तारासोबत भारही मोजला जातो.

५ मे २०२३ रोजी कोविडची आणीबाणी संपल्याचे जाहीर झाले. याचा अर्थ रोग संपला, असा अनेकांनी घेतला. प्रत्यक्षात आणीबाणी संपली. रोग इतर श्वसनविकारांप्रमाणे समाजात टिकून राहिला.

दैनंदिन वापरातील दक्षता

शब्द एकदा लोकांच्या तोंडी रुळला की त्याचा लाक्षणिक वापर सुरू होतो. 'व्यसनांची महामारी', 'अफवांची साथ' असे प्रयोग भाषणांत आणि लेखांत आढळतात. ते अर्थपूर्ण असू शकतात. मात्र अहवालात त्यांना जागा नाही. मधुमेह झपाट्याने वाढत असला, तरी तो एकापासून दुसऱ्यास लागत नाही. त्याला सरसकट साथ म्हटल्यास रुग्णाविषयी अकारण दुरावा निर्माण होण्याचा संभव असतो.

रोगाला गावाचे, समाजाचे किंवा देशाचे नाव देण्याची सवयही सोडणे आवश्यक आहे. १९१८ च्या साथीस 'स्पॅनिश' म्हटले गेले. परंतु ती स्पेनमध्ये उद्भवल्याचा पुरावा नाही. युद्धात तटस्थ असलेल्या स्पेनमधील वृत्तपत्रांवर युद्धकालीन नियंत्रण नव्हते, म्हणून तेथील बातम्या प्रथम छापून आल्या. खरे लिहिणाऱ्याच्या माथी रोगाचे नाव बसले. नव्या रोगांना स्थळ, व्यक्ती वा प्राणी यांची नावे देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सुचविले आहे. कोणा वस्तीचे नाव रोगाला चिकटले, की त्या वस्तीतील पुढचा रुग्ण घराबाहेर येत नाही.

ग्रामपंचायत सदस्य, अधिकारी आणि शिक्षक यांच्या दृष्टीने व्यवहाराचा नियम सोपा आहे. प्रथम शब्द नव्हे, तर वस्तुस्थिती लिहावी : किती रुग्ण, कोणत्या वस्तीत, कोणत्या तारखेपासून, कोणती लक्षणे, पाणी कोठले, आणि गेल्या वर्षी याच काळात किती रुग्ण होते. त्यावरून 'उद्रेक' म्हणावे की 'साथ', हे वैद्यकीय अधिकारी ठरवतील. निदान होईपर्यंत 'अतिसाराचे बारा रुग्ण' हे वाक्य 'पटकीची साथ' या वाक्यापेक्षा अधिक उपयोगी आहे. आणि 'किरकोळ आजार' या वाक्यापेक्षा तर कितीतरी अधिक. मात्र निदानाची वाट पाहत कळविण्यास विलंब करू नये. पिण्याच्या पाण्यात ब्लिचिंग पावडर टाकण्यासाठी कोणत्याही घोषणेची गरज नसते.

शिक्षकांकडे याहून लवकर सूचना देणारे एक साधन आहे, ते म्हणजे हजेरीपट. एकाच वस्तीतील सहा मुले एकाच आठवड्यात गैरहजर राहिली, तर त्यांच्या घरी चौकशी करणे आणि आरोग्य सेविकेस कळविणे हे साथ ओळखण्याच्या कामाचाच भाग आहे. वर्गात प्रदेशनिष्ठ रोग, उद्रेक, साथ आणि महासाथ या चार पायऱ्या मुलांनी स्वतःच्या गावातील उदाहरणांनी मांडल्या, तर उद्या गावात येणारी अफवा ओळखण्याचे बळ त्यांना मिळेल.

पुढची महासाथ केव्हा आणि कोणत्या रोगाची येईल, हे सांगता येणार नाही. तिची सुरुवात मात्र 'महासाथ' या मोठ्या शब्दाने होणार नाही. कोठल्या तरी गावी, कोणाच्या तरी वहीत, 'ताप, रुग्ण तीन, नेहमीपेक्षा वेगळी लक्षणे' अशी एक साधी ओळ लिहिली जाईल, किंवा लिहावयाची राहून जाईल. ती ओळ खरी, स्पष्ट आणि वेळेवर लिहिली गेली, तर मोठा शब्द उच्चारण्याची वेळ कदाचित टळूही शकेल.